इंजिनातील वंगणतेल : ताजे व वापरलेले

चेन्नईतील अण्णा नगरच्या रहदारीत मोटारी वारंवार थांबतात व पुन्हा निघतात. इंजिनाची गती मंदावली म्हणजे भागांमधील तेलाचा पडदा पातळ होतो आणि कॅम व टॅपेट एकमेकांस घासू लागतात.

अशा वेळी तेलात मिसळलेले जस्त, फॉस्फरस व गंधक यांचे संयुग उपयोगी पडते. घर्षण व उष्णता यांमुळे त्याचे विघटन होऊन धातूवर मिलिमीटरच्या सुमारे दहाहजाराव्या भागाइतका थर बसतो. मग धातूऐवजी हा थर झिजतो. तो घडण्यास काही अवधी लागतो. २००७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत ताज्या तेलापेक्षा काही काळ वापरलेल्या तेलात झडपांच्या यंत्रणेची झीज कमी आढळली, ती यामुळेच.

याचा अर्थ तेल बदलूच नये असा नव्हे. वापराबरोबर हे संयुग संपत जाते, आम्ले वाढतात व काजळी तो थर खरवडून काढते. तेल काळे दिसले म्हणजे निकामी झाले असेही नाही. मळ धरून ठेवणे हे तेलाचेच काम होय. म्हणून रंगावरून न ठरविता निर्मात्याने नेमून दिलेली मुदत पाळावी. थांबत-निघत चालणाऱ्या मोटारींना ही मुदत लवकर येते.