पुरावा किती पुरेसा?

शास्त्रीय निर्णयात सामाजिक मूल्यांना स्थान नसावे, असे आपण विद्यार्थिदशेपासून ऐकत आलो आहोत. अमेरिकी तत्त्वचिंतक रिचर्ड रडनर यांनी १९५३ साली एका लेखात या समजावर आक्षेप घेतला. कोणताही सिद्धान्त पुराव्याने पूर्णांशाने सिद्ध होत नाही. म्हणून ‘एवढा पुरावा पुरे’ हे शास्त्रज्ञाला ठरवावेच लागते, आणि ते चुकीचे परिणाम किती गंभीर यावर अवलंबून असते. औषधातील विषारी घटक घातक मात्रेत नाही, हे म्हणण्यास जेवढी खात्री हवी, तेवढी पट्ट्याची बक्कले सदोष नाहीत हे म्हणण्यास नको. उदाहरण त्यांचेच आहे. वैद्यास ते नवे वाटू नये. मृदु औषध देताना निदानाची जेवढी खात्री पुरते, तेवढी तीक्ष्ण विरेचन देताना पुरत नाही.

२००४ साली ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांपैकी १४ उत्पादनांत शिसे, पारा वा आर्सेनिक आढळले. आयुर्वेदाच्या बदनामीचा हा डाव आहे, असे म्हणून अनेकांनी तो बाजूस सारला. आम्हीही त्यांत होतो. भस्मातील धातूचे रासायनिक स्वरूप निराळे असते, हा आक्षेप विचारार्ह होता. परंतु मोजमापच नाकारण्यास आम्हांस तो आक्षेप नव्हे, तर शास्त्राभिमान प्रवृत्त करीत होता. मूल्याने येथे भलतीच जागा घेतली. आढळलेले शिसे अभिमानाने कमी होत नाही.

मूल्यांची योग्य जागा कोणती, हे औषधशाळेत स्पष्ट दिसते. वनस्पतिजन्य औषधांत शिशाची मर्यादा १० पीपीएम आहे. एखाद्या चूर्णाच्या एका नमुन्यात ते ९ पीपीएम निघाले, ही झाली वस्तुस्थिती. तेवढ्या एका नमुन्यावर संपूर्ण बॅच निर्दोष मानावी काय, हे मात्र यंत्र सांगत नाही. ते चूर्ण बालकांसाठी असेल, तर शिशाचा वाढत्या मेंदूवरील परिणाम ध्यानी घेऊन अधिक नमुने तपासणेच युक्त.

आमच्या दवाखान्यात बालकांच्या औषधांसाठी आम्ही प्रत्येक बॅचचा स्वतंत्र अहवाल मागतो. पुरवठादार कुरकुरतात, किंमतही वाढते. ती रुग्णाने द्यावी की आपण सोसावी, याचा निर्णय अद्याप आमच्याच्याने झालेला नाही.