आधी ‘हो’ म्हणू नकोस

पोरी, विमान रद्द झाल्याचा मेसेज आला की बहुधा त्यातच दोन पर्याय देतात: दुसरं विमान घ्या, नाहीतर पैसे परत घ्या. घाबरलेला माणूस पहिल्यावर बोट ठेवतो आणि मोकळा होतो. तिकिटं काढून देण्यात माझी हयात गेली, म्हणून सांगतो, तू जरा दम खा. आपल्या डीजीसीएचा, म्हणजे विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाचा, नियम असा की ऐनवेळी विमान रद्द केलं, तर कंपनीनं प्रवाशाला पटेल असं दुसरं विमान द्यायचं, नाहीतर तिकिटाचे पूर्ण पैसे आणि वर भरपाई. दोन्ही एकदम मिळत नाहीत. उद्या सकाळच्या विमानाला तू ‘हो’ म्हणालीस की या नियमाखालची भरपाई तिथंच संपली. लग्नाला, परीक्षेला पोचायचंच असेल तर विमान घे, त्यात काही चूक नाही. पण रात्रीच्या बसनं किंवा रेल्वेनं जाणं जमत असेल, तर आधी हिशेब कर.

ऐनवेळी म्हणजे सुटायच्या 24 तासांच्या आत. त्याआधी कळवलं असेल तर दुसरं विमान किंवा पैसे परत, भरपाई नाही. तेव्हा मेसेज किती वाजता आला ते दिसेल असा स्क्रीनशॉट काढून ठेव. आणि इथंच एक गोम आहे, माझ्याच धंद्यातली. एजंटकडून किंवा ऑफिसातून काढलेल्या तिकिटावर पुष्कळदा त्यांचाच मोबाइल नंबर पडतो. बुकिंग करताना प्रवाशाचा नीट संपर्क दिला नसेल तर भरपाई द्यायची नाही, असं त्याच नियमात आहे. तिकीट हातात आलं की पीएनआर टाकून तुझाच नंबर आणि मेल आहे ना, ते त्याच दिवशी बघ.

आता रक्कम. लोक ‘दहा हजार मिळतात’ असं ऐकून येतात आणि काउंटरवर भांडतात. एक तासापर्यंतच्या प्रवासाला 5,000, एक ते दोन तासांच्या प्रवासाला 7,500 आणि त्याहून लांबच्याला 10,000 रुपये, पण ही कमाल मर्यादा आहे. एका बाजूचं मूळ भाडं अधिक इंधन शुल्क यांची बेरीज त्याहून कमी असेल, तर तेवढीच बेरीज मिळते. पुणे-नागपूरचा प्रवास मधल्या गटात बसतो. समज, तुझं मूळ भाडं आणि इंधन मिळून 3,200 होतं, तर भरपाई 3,200, साडेसात हजार नाही. विमानतळाचं शुल्क, जीएसटी या बेरजेत धरत नाहीत. ते रिफंडमध्ये येतं. बिलावरचे हे आकडे सुटे करून अर्जात लिही. नेमका आकडा मागणाऱ्याला उडवून लावणं जड जातं, असा माझा अनुभव.

कारण मात्र लेखी घे. धुकं, पूर, दंगल, संप, सरकारी आदेश, हवाई वाहतूक नियंत्रणाची अडचण, असं कंपनीच्या हाताबाहेरचं काही असेल तर भरपाई बुडते. काउंटरवरची मुलं तोंडानं ‘वेदर’ म्हणतात. (त्यांच्यावर ओरडू नकोस, त्यांनाही वरून तेवढंच कळलेलं असतं.) त्याच तासाला त्याच विमानतळावरून त्याच शहराकडे इतर कंपन्यांची विमानं सुटली का, ते फलकावर बघ आणि फोटो काढ. वैमानिक कमी पडले, कर्मचाऱ्यांचं वेळापत्रक कोलमडलं, हे हवामान नव्हे. डिसेंबर 2025 मध्ये इंडिगोची हजारो विमानं रद्द झाली, त्यामागे वैमानिकांच्या विश्रांतीच्या नव्या नियमांसाठी अपुरी पडलेली तयारी होती.

तू विमानतळावर पोचली असशील आणि दुसऱ्या विमानाची वाट बघत असशील, तर चहापाणी, जेवण त्यांच्याकडून. मागावं लागतं.

रिफंड ‘क्रेडिट शेल’मध्ये, म्हणजे पुढच्या तिकिटासाठी कंपनीकडेच जमा, टाकू म्हणाले तर नाही म्हण. पैसे की क्रेडिट, हे प्रवाशानं ठरवायचं असतं. तिकीट एजंटकडून काढलं असलं तरी रिफंडची जबाबदारी विमान कंपनीचीच. ‘एजंटला विचारा’ हे उत्तर घेऊन परत फिरू नकोस.

तक्रार आधी कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याकडे मेलनं, मग त्यांच्याच अपील अधिकाऱ्याकडे. तिथं दाद लागली नाही तर सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर टाक. 1915 ही ग्राहक हेल्पलाइनही आहे. तरी हलले नाहीत तर जिल्हा ग्राहक आयोग. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं तू राहतेस त्याच जिल्ह्यात दावा लावता येतो, दिल्ली-मुंबईला जायला नको. तिकिटापोटी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. मुदत दोन वर्षांची. विमान रद्द झाल्यामुळं बुडालेलं हॉटेल, महागात काढलेलं दुसरं तिकीट हे नुकसानही तिथं मागता येतं, म्हणून त्या पावत्या जप.

तुझा दादा जर्मनीत आहे, त्याला एवढं कळव: युरोपीय संघातून सुटणारं विमान कुठल्याही कंपनीचं असो, तिथला 2004 चा कायदा, क्रमांक 261, लागू होतो आणि फ्रँकफर्ट-मुंबई एवढ्या अंतराला 600 युरोपर्यंत भरपाई आहे. मुंबईहून तिकडे जाताना मात्र विमान युरोपीय कंपनीचं असेल तरच. आणि भरपाई मिळवून देतो म्हणणाऱ्या कंपन्या त्यातला मोठा वाटा खातात. विमान कंपनीचा फॉर्म त्यानं स्वतःच भरावा.