आधी ऐकू तर येऊ दे

रिपीटर किती वॅटचा घेऊ, हा तुझा पहिला प्रश्न. हॅम रेडिओची परीक्षा पास होऊन व्हीयू-३ चं कॉलसाइन हातात पडलं की सगळ्यांना आधी वॅटच सुचतात, त्यात तुझा काही दोष नाही. पण मोठी बहीण म्हणून सांगते, रिपीटरच्या कामात वॅट हा अगदी शेवटी विचारायचा प्रश्न. पंचवीसचे पन्नास वॅट केलेस तरी ऐकणाऱ्याच्या सेटवरची काडी अर्धं घरसुद्धा धड सरकत नाही. बॅटरी मात्र दुप्पट उपसली जाते.

तू हे सगळं काहून करतेस ते आठव. जुलै २०२३ मध्ये संग्रामपूर, जळगाव जामोदकडे पूर आला, तेव्हा घाटावर बसून आपण नुसते फोन लावत होतो. तसं पुन्हा झालं, तर पाण्यापलीकडे उभ्या असलेल्या पोराच्या हातात काय असेल? पाच वॅटचा हँडसेट आणि त्यावर वीतभर रबरी अँटेना. तुझ्या रिपीटरचा आवाज त्याच्यापर्यंत जाईलच, त्याची काळजी नको. त्या पोराचा क्षीण आवाज रिपीटरला ऐकू येतो का, सगळा खेळ तिथे आहे. म्हणून तुमच्या मंडळाकडे जेवढे पैसे जमलेत ते जागा, अँटेना, केबल आणि डुप्लेक्सर यांवर घाल. उरले तर वॅट.

जागेचं आधी. बुलडाणा शहर साडेसहाशे मीटरच्या आसपास, आणि खाली मलकापूरकडचा पूर्णेचा पट्टा अडीचशे-पावणेतीनशे मीटरवर. म्हणजे घाटाच्या काठावर उभं राहिलं की साडेतीनशे मीटरची उंची आपल्याला फुकटात मिळते. मीटरमधल्या उंचीचं वर्गमूळ काढायचं आणि त्याला चार पूर्णांक एकने गुणायचं, की रेडिओचं क्षितिज किलोमीटरमध्ये निघतं. साडेतीनशेचं होतं सत्याहत्तर. मलकापूर सरळ रेषेत चाळीसच्या आत, शेगाव साठच्या आसपास, जळगाव जामोद सत्तरच्या थोडं आत. कागदावर सगळं बसतं. पण हा हिशेब काठावरचा आहे हं, गावातला नाही. तुमच्यापैकी कोणीतरी स्वतःच्या बंगल्याची गच्ची देऊ करतोय म्हणालीस. गच्ची चांगली, माणूसही चांगला असेल, पण टॉवर काठापासून दोन किलोमीटर आत गेला की घाटाची कड आडवी येते आणि राजूर, मोताळा ही अगदी पायथ्याची गावंच सावलीत जातात. लांबचं शेगाव खणखणीत आणि जवळचं मोताळा मुकं, असा चमत्कार मी पाहिलेला आहे. तेव्हा आधी दोघींनी हँडसेट घेऊन निघायचं. एकीने काठावर थांबायचं आणि दुसरीने एसटीने खाली गावोगाव जायचं. कुठे आवाज स्वच्छ, कुठे खरखर, कुठे काहीच नाही, हे वहीत लिहायचं. संगणकावरचा नकाशा पाहा, पण विश्वास वहीवर ठेव.

आणि सगळा जिल्हा एका रिपीटरने झाकणार, असं कुणाला बोलून बसू नकोस. काठावरून घाटाखालचे तालुके मिळतील. घाटावर चिखलीपर्यंत बरं चालेल, सिंदखेडराजा-देऊळगावराजाकडे नशीब, आणि लोणारच्या विवरात उतरलेल्या माणसाला तर विसरच. ते दीडशे मीटरच्या आसपास खोल आहे, तिथून विवराच्या काठावरच्या माणसाशी बोलता आलं तरी पुष्कळ. ज्ञानगंगा अभयारण्यातल्या दऱ्याही अशाच. टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला एक रेडिओ कॉलर लावलेला वाघ २०१९ च्या डिसेंबरात ज्ञानगंगेत पोचला, तो कुठून कुठे गेला हे जगाला कळलं ते उपग्रहामुळे. नुसत्या व्हीएचएफच्या भरवशावर त्याला शोधायचं म्हणजे हातात अँटेना धरून टेकडी-टेकडी चढत राहायचं. दरी ही दरीच असते, माणसालाही आणि वाघालाही.

आता डुप्लेक्सर. इथे मी जरा रेंगाळणार, कारण नव्वद टक्के डोकेदुखी इथली. रिपीटर एका वेळी दोन कामं करतो: एका फ्रीक्वेन्सीवर ऐकतो आणि त्याच क्षणी दुसरीवर बोलतो. दोन मीटरच्या बँडवर दोन्हींत अंतर सहसा सहाशे किलोहर्ट्झचं, आणि अँटेना एकच. स्वतःच्याच तोंडाशी कान लावून पलीकडच्या गावातलं कुजबुजणं ऐकायचं, असं ते काम आहे. म्हणून मध्ये ते पितळी-तांब्याचे उभे डबे, कॅव्हिटी, लावायचे. बोलण्याचा जोर ऐकण्याच्या वाटेवर येऊ द्यायचा नाही, ऐंशी-नव्वद डेसिबलने अडवायचा. हे जमलं नाही की काय होतं, ते ओळखायला शीक. लांबचा माणूस बोलायला लागतो, रिपीटर उघडतो, ट्रान्समीटर सुरू होतो आणि त्याच क्षणी तो माणूस बुडतो. रिपीटर बंद होतो, माणूस परत वर येतो, परत बुडतो. ऐकणाऱ्याला वाटतं त्याचा सेट खराब. तसं नसतं. एवढंच कर: वॅट कमी करून पाहा. पाच वॅटवर तोच माणूस नीट येतो आणि पंचवीसवर तुटतो, म्हणजे रिपीटर स्वतःच्याच आवाजाने बहिरा होतोय.

डबे ट्यून करून आले की त्यांच्या नटांना हात लावायचा नाही. कुणालाच लावू द्यायचा नाही. ‘जरासं फिरवून पाहू’ म्हणणारे प्रत्येक मंडळात दोघे तरी असतात, तुमच्यातले कोण ते तुला माहीत आहेच. राजूर घाटातून जीपने नेताना डबे मागच्या फळीवर टाकायचे नाहीत. मांडीवर गोधडी, गोधडीवर डबे. वर पोचल्यावर नॅनो व्हीएनएवर, म्हणजे ट्यूनिंग मोजायच्या छोट्या यंत्रावर, एकदा तपासून घ्यायचं. मे महिन्यात, पत्र्याच्या खोलीत भट्टी पेटते तेव्हा परत तपासायचं.

केबलमध्ये काटकसर करू नकोस माय. बाजारात बारीक आरजी-५८ स्वस्त मिळते, वाकवायलाही सोपी. तीस मीटर टाकलीस तर सेटमधून निघालेल्या पंचवीस वॅटपैकी वर अँटेनाला सहा-सव्वासहा पोचतील. बाकीचे केबल तापवण्यात गेले. त्याहून वाईट म्हणजे खाली येणारा तो क्षीण आवाजही तसाच चौथाई होऊन येतो. अर्धा इंची हार्डलाइन घे, जुनी पण सुस्थितीतली मिळाली तरी चालेल. एलएमआर-४०० बऱ्याच जणांची लाडकी आहे आणि साध्या स्टेशनला ती छानच. पण एकाच वेळी बोलणं-ऐकणं चालतं तिथे आतला ॲल्युमिनियमचा वर्ख आणि वरची जाळी एकमेकांवर घासून खरखर करू लागतात. रिपीटरला ती नको.

कनेक्टर एन टाइपचे. त्यावर आधी रबरासारखी ताणून एकजीव होणारी टेप, वर काळी टेप, आणि केबल खोलीत शिरण्याआधी खाली एक झोळ, म्हणजे पाणी झोळातून ठिपकेल, आत येणार नाही. एका जागी मी कनेक्टर उघडला तर आतून चमचाभर पाणी निघालं आणि मधली तांब्याची तार हिरवीगार. त्या रिपीटरचा ट्रान्समीटर दोनदा बदलून झाला होता, कनेक्टर मात्र कुणी उघडून पाहिला नव्हता.

वीज आणि अर्थिंग. आपल्याकडे खरी भीती जुलैच्या झडीची नाही, एप्रिल ते जूनच्या वळवाची आहे. घाटाच्या कडेवर एकटा उभा असलेला लोखंडी खांब विजेला दुसरं काय वाटणार? आपल्या काळ्या पाषाणात नुसता एक पाइप ठोकून अर्थ मिळत नाही. खड्डा मोठा घ्यायचा, माती-बेंटोनाइट भरायचं, आणि तांब्याची पट्टी लांबवर पसरायची. टॉवरचा अर्थ, सेटचा अर्थ, विजेच्या मीटरचा अर्थ हे तिन्ही खाली एकमेकांना जोडलेले हवेत. वेगवेगळे ठेवले की वीज पडल्यावर त्यांच्यातला फरक तुझ्या सेटमधून वाट काढतो. खोलीत शिरताना केबलला विजेचा अरेस्टर.

बॅटरीचा हिशेब तुझा तूच कर, मी नुसता दाखवते. पंचवीस वॅट सोडताना साधारण सहा-सात अँपिअर लागतात, नुसतं ऐकत बसला की अर्धा. दिवसाकाठी तीन तास बोलणं धरलं तर बोलण्याचे वीस, ऐकण्याचे दहा-साडेदहा, असे तीसेक अँपिअर-तास रोजचे. शंभरची ट्यूब्युलर बॅटरी अर्ध्याच्या खाली उतरवायची नाही, म्हणजे ती दीड दिवसाची. श्रावणात तीन दिवस सूर्य दिसत नाही, तेव्हा दोनशेची घे. सौर पॅनलही हिशेबापेक्षा दुप्पट. पूर येतो तो ढगाळ दिवसांतच येतो ना! आणि चार्जर स्वस्तातला आणलास तर तोच बँडभर गुणगुणत बसेल. चार्जर काढून, बॅटरीवर ऐकून बघ; आवाज स्वच्छ झाला तर चोर सापडला.

चालवायला लागलीस की टोन लाव. टोन म्हणजे दाराची कडी. कुठूनतरी भरकटत आलेल्या खरखरीने दार उघडायला नको. तीन मिनिटांचा टाइमआउट ठेव, कारण कुणाचा तरी सेट सीटवर बसताना दाबला जातोच आणि मग अर्धा तास जिल्हाभर त्याच्या जीपचं इंजिन ऐकू येतं. बटण दाबल्यावर लगेच बोलू नये, एक श्वास थांबावं. दोन बोलण्यांच्या मधे फट ठेवावी, घाईचा निरोप असलेल्याला तिथून शिरता येतं. हे सगळ्यांना पहिल्या दिवशी सांग. नंतर सांगितलंस तर रुसवे होतात.

कायद्याचं लांबवत नाही, पण डोळे उघडे ठेव. तुझा परवाना म्हणजे रिपीटरचा परवाना नव्हे. तो दूरसंचार खात्याकडे वेगळा मागावा लागतो, आणि तो हातात येईपर्यंत खांब उभा राहिला तरी सेट सुरू करायचा नाही. हॅमच्या फ्रीक्वेन्सीवर धंद्याचं बोलायचं नाही, सांकेतिक भाषा वापरायची नाही. आणि पुराच्या गावातल्या पोरांच्या हाती सरसकट सेट देऊ म्हणतेस, ते जमणार नाही. प्रत्येकाला परीक्षा द्यावी लागेल. बारा वर्षं पूर्ण झालेल्यालाही ती देता येते, तेव्हा शाळेतूनच सुरुवात कर. पोरीही घे. परवान्याशिवाय चालणारे हँडसेट असतात, ४४६ मेगाहर्ट्झवरचे, अर्ध्या वॅटचे. ते गावातल्या गावात चांगले, तुझ्या रिपीटरशी त्यांचा संबंध नाही. ऑनलाइन मिळणारे बाकीचे स्वस्त सेट डोळे मिटून घेऊ नकोस. २०२५ मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने त्यांच्या विक्रीवर नियम घातले ते उगीच नाही.

आता जे पुस्तकात नाही ते. टॉवरवर चढताना ओढणी नको, बांगड्या नकोत, वेणी टोपीच्या आत. नुसता कमरेचा पट्टा नको, पूर्ण अंगाचा हार्नेस, आणि तो तुझ्या मापाचा. पुरुषाच्या मापाचा खांद्यावरून घसरतो. चढण्याआधी वर नीट पाहा, आग्या मोहोळ टॉवरवर हमखास लागतं. मोहोळ दिसलं तर त्या दिवशी काम नाही, कुणी कितीही शूर असो. बोथ्याच्या जंगलाच्या बाजूला जागा पाहायला गेलीस तर सूर्य कलायच्या आत परत फिर, तिथे अस्वलं आहेत आणि वनखात्याला न सांगता जंगलात पाऊल टाकायचं नाही. आणि ‘ताई, तुम्ही खाली उभ्या राहून लिहून घ्या’ असं कुणी म्हणालं, तर वही त्याच्याच हातात दे.

रेडिओवर तुझा आवाज ऐकून कुणीतरी वळवळणार, हेही आत्ताच सांगते. ‘किती गोड आवाज’ म्हणतील, घर कुठे विचारतील. कॉलसाइन सांग, गावाचं नाव सांग, त्यापुढे काही नाही. चिडून उत्तर द्यायला बटण दाबू नकोस, तोच तर त्याला हवा असतो, तुझा आवाज. वहीत वेळ लिही, त्याचं कॉलसाइन लिही आणि पुढच्या माणसाला बोलाव. मी वर्षानुवर्षं तेच केलंय. चार दिवसांत गप्प होतात.

खोलीच्या चाव्या दोन कर. एक तुझ्याकडे, एक घाटाखाली राहणाऱ्या कुणाकडे तरी, कारण दरड कोसळून रस्ता बंद झाला तर वर कोण आधी पोचेल ते सांगता येत नाही. चहा कोण करणार, वर्गणी कोण मागणार, दर महिन्याला बॅटरीचं पाणी कोण पाहणार, हे पहिल्याच बैठकीत नावानिशी लिहून घे, नाहीतर तिन्ही कामं तुझ्याच गळ्यात पडतील. पुढच्या रविवारी मी व्हीएनए घेऊन येते. तोवर राजूर आणि मोताळ्याची वही पूर्ण कर, आणि गच्चीवाल्याला अजून होकार देऊ नकोस.