फरशीचं फिनेल कुत्र्याच्या अंगावर नको



आपलं लोणी देवकर पुणे-सोलापूर हायवेला. एका बाजूला एमआयडीसी, दुसऱ्या बाजूला उसाची रानं. दारातलं कुत्रं कधी गटारात लोळून येतं, कधी ट्रॅक्टरखाली झोपून काळं ऑइल माखून घेतं. वास सुटतो आणि हात जातो मोरीतल्या फिनेलच्या बाटलीकडे. "फरशी निघते, मग कुत्रं का नाही निघणार?" असं बैठकीत ताई विचारतात. म्हणून आजचा पाठ यावर.

एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. कुत्रं अंग चाटतं. अंगावर लावलेलं सगळं त्याच्या पोटात जातं. शिवाय त्याची कातडी आपल्यापेक्षा पातळ असते.

काय वापरायचं नाही?
- फिनेल : कातडी भाजते. चाटलं तर विषबाधा होते. मांजराला तर जास्तच धोका.
- ब्लीच, संडासचं ॲसिड : अंग आणि डोळे जळतात. ही दोन्ही एकत्र केली तर विषारी क्लोरीन वायू तयार होतो. धुणारीलाही धोका!
- कपड्याची पावडर, सोडा : कातडी कोरडी पडते, खाज सुटते.
- रॉकेल : कातडी सोलवटते. चाटताना फुप्फुसात गेलं तर जीवावर बेततं.
- पिकावरचं फवारणीचं औषध : गोचिडासाठीही अजिबात नको.

मग धुवायचं कसं?
१. वाळलेला चिखल आधी हाताने किंवा ब्रशने झाडा.
२. ऑइल, डांबर लागलं असेल तर तिथे खायचं तेल चोळा, थोडा वेळ थांबून फडक्याने पुसा.
३. कुत्र्याचा शॅम्पू असेल तर उत्तम. नसेल तर भांड्याच्या लिक्विडचे चार थेंब मगभर कोमट पाण्यात टाका. हे अडीनडीलाच, दर आठवड्याला नको.
४. डोळे, कान वाचवा.
५. फेस राहू देऊ नका. भरपूर पाण्याने धुवा, पुसा, उन्हात वाळू द्या.

चुकून फिनेल लागलंच तर?
लगेच भरपूर पाण्याने धुवा आणि चाटू देऊ नका. पोटात गेलं असेल तर आपल्या मनाने उलटी करवू नका. बाटली सोबत घेऊन जनावरांच्या दवाखान्यात जा, किंवा १९६२ या टोल फ्री नंबरवर फोन करा. लाळ गळणं, थरथरणं, झोकांड्या जाणं दिसलं तर वाट बघू नका.

धुताना कुत्रं चावलं, ओरखडलं तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. हळद, चुना लावू नका.

पुढच्या बैठकीसाठी काम : ज्या गटांत फिनेल बनतं, त्या ताईंनी बाटलीवर ठळक लिहा, "फक्त फरशीसाठी. माणसाच्या, जनावराच्या अंगाला लावू नये." आणि कोल्ड्रिंकच्या बाटलीत फिनेल भरणं आजपासून बंद. घरात लेकरंही आहेत.