सीडी कुठे घालायची?

२०२२ ची दिवाळी. पाडव्याच्या दुपारी थोरल्याने खोक्यातून प्लेस्टेशन ५ बाहेर काढलं, टीव्हीशेजारी उभं केलं आणि मित्राकडून मागून आणलेली क्रिकेटची सीडी हातात धरून तो त्याच्याभोवती फिरू लागला. आधी समोरून पाहिलं, मग मागून. मग पांढऱ्या कडेवरून बोट वरपासून खालपर्यंत फिरवलं, अंधारात दाराची कडी चाचपावी तसं. "आई, सीडी कुठे घालायची गं?" मी खोकं उचलून वाचलं. त्यावर 'डिजिटल एडिशन' असं ठळक छापलं होतं. त्या यंत्राला सीडीची फटच नव्हती.

खोकं पुण्याहून साताऱ्यापर्यंत माझ्याच मांडीवर आलं होतं, तरी ते दोन शब्द मी वाचले नव्हते. त्या काळात प्लेस्टेशन ५ सहजी मिळत नसे. ज्या दुकानात शेवटी मिळालं तिथला माणूस म्हणाला, "मॅडम, एवढंच शिल्लक आहे, आणि आता सगळं डाउनलोडच असतं." सीडीवालं ४९,९९० रुपयांना, हे ३९,९९० ला. भिशी नुकतीच लागली होती. दहा हजार वाचताहेत म्हटल्यावर मी पुढे काही विचारलंच नाही.

ते दहा हजार कसे गेले ते सांगते, कारण हीच चूक करायच्या बेतात असलेली दोन-तीन घरं मला आजही माहीत आहेत.

थोरल्याच्या वर्गातल्या बहुतेक मुलांकडे प्लेस्टेशन ४ होतं आणि सीड्या वर्गभर फिरत असत. प्लेस्टेशन ४ ची सीडी सीडीवाल्या प्लेस्टेशन ५ मध्ये चालते. उलट मात्र चालत नाही. म्हणजे दहा हजार जास्त मोजले असते, तर मित्रांच्या घरचं सगळं कपाट त्याला खुलं झालं असतं. त्याऐवजी प्रत्येक खेळ आम्हाला सोनीच्या ऑनलाइन दुकानाच्या भावाने घ्यावा लागला. नवा मोठा खेळ तेव्हा ४,९९९ रुपयांना येई. दोन वर्षांत आम्ही पाच घेतले. त्यातले तीन असे होते की मित्रांनी ते खेळून संपवले होते आणि सीड्या कपाटात पडून होत्या. डाउनलोड केलेला खेळ आपल्या खात्याला चिकटतो. तो कुणाला देता येत नाही, खेळून झाला तरी विकता येत नाही.

माझ्या लहानपणी टीव्हीला जोडायचा गेम होता आणि त्याच्या रंगीत कॅसेट. कॅसेटमध्ये फुंकर मारून ती पुन्हा खोचायची आणि आठवडा झाला की गल्लीतल्या दुसऱ्या घराशी बदलून घ्यायची. खेळ हिंडला पाहिजे, हे मला तेव्हापासून ठाऊक होतं. ऐन वेळी ते आठवलं नाही, याची खंत आहे.

दुसरा फटका इंटरनेटचा. आमची लाइन तेव्हा ४० एमबीपीएसची होती. १०० जीबीचा खेळ त्या वेगाने उतरवायला, वेग पूर्ण मिळाला तरी, साडेपाच तास लागतात. आमच्या प्लॅनला महिन्याची मर्यादा होती, त्यामुळे एक मोठा खेळ उतरला की उरलेला महिना धाकटीच्या अभ्यासाचे व्हिडिओ अडखळायचे. पावसाळ्यात वीज गेली की पुन्हा यंत्र चालू करून उतरायचं कुठवर आलं ते बघत बसायचं. त्या वेळच्या प्लेस्टेशन ५ वर ८२५ जीबी लिहिलेलं असे, पण खेळांसाठी जागा मिळे साधारण ६६७ जीबी. सहा-सात मोठे खेळ झाले की एक काढा आणि एक घाला.

म्हणून माझ्याकडे कुणी विचारायला आलं की मी पहिला प्रश्न हाच विचारते: मुलाचे मित्र काय खेळतात, कशावर खेळतात, आणि सीड्या देतात-घेतात का? सीडी फिरत असेल तर फटवालंच घ्या. पुढे आलेल्या बारीक आवृत्तीला, जी आपल्याकडे २०२४ च्या एप्रिलमध्ये आली, सीडीचा भाग नंतर वेगळा घेऊन जोडता येतो. आमच्या जुन्या डिजिटलला ती सोय नाही. सेकंड हँड घेताना हा फरक नीट तपासा, कारण विकणारा 'प्लेस्टेशन ५ डिजिटल' एवढंच सांगतो आणि दोन्हींना तेच नाव आहे.

आता याच्या अगदी उलट उदाहरण. माझा पुतण्या पुण्यात कर्वेनगरला तिघा मित्रांबरोबर खोली घेऊन राहतो, इंजिनिअरिंगला आहे. त्याने एक्सबॉक्स सिरीज एस घेतलं. त्यालाही सीडीची फट नाही. तरीही त्याची निवड बरोबर ठरली. खोलीवर वेगवान, अमर्याद इंटरनेट आहे. सीडी देणारं-घेणारं कुणी नाही. एकाच खेळावर महिनोन् महिने बसणारा तो नाही, चार दिवस हा आणि चार दिवस तो. अशाला एक्सबॉक्सचा गेम पास परवडतो: दरमहा वर्गणी भरायची आणि त्यांच्या यादीतले कितीतरी खेळ खेळायचे. सिरीज एस आकाराने लहान, सुट्टीत सॅकमध्ये घालून तो साताऱ्याला घेऊन येतो. मी त्याला दोनच गोष्टी सांगितल्या होत्या. वर्गणी थांबली की खेळ बंद, आणि यादीतला खेळ कधीही यादीबाहेर जाऊ शकतो. म्हणून जो फार आवडेल तो सवलतीत विकत घेऊन ठेव. आणि ५१२ जीबीच्या सिरीज एसवर खेळांना जेमतेम ३६४ जीबी मिळतात, ते धरून चाल.

ताकदीवरून फार वाद होतात. एक्सबॉक्स सिरीज एक्स १२ टेराफ्लॉपचं, प्लेस्टेशन ५ साधारण १० चं, सिरीज एस ४ चं. आकडे खरे आहेत. पण आमचा टीव्ही जुना, फुल एचडी, आणि सोफा त्याच्यापासून दहा फुटांवर. पुतण्याने त्याचं यंत्र एका सुट्टीत आमच्या टीव्हीला लावलं तेव्हा तोच फुटबॉलचा खेळ दोन्हींवर बघून घरातल्या कुणालाही फरक सांगता आला नाही. ज्यांच्याकडे मोठा ४के टीव्ही आहे आणि चित्राची खरी हौस आहे, त्यांनी सिरीज एक्स किंवा प्लेस्टेशन ५ बघावं. बाकीच्यांनी ते पैसे दुसऱ्या रिमोटसाठी ठेवावेत. घरात दोन मुलं आणि एक रिमोट असेल, तर यंत्र कितीही ताकदीचं असो, भांडण ठरलेलं.

टीव्हीवरून आठवलं. पहिला महिनाभर थोरला क्रिकेटच्या खेळात सारखा त्रिफळाचीत व्हायचा. "मी वेळेवर मारतो गं, बॅट उशिरा फिरते," असं रडकुंडीला येऊन सांगायचा आणि मला ती सबब वाटायची. एका रात्री मी स्वतः रिमोट घेऊन बसले. बटण दाबलं की बॅट हलायला खरोखर क्षणभर उशीर होत होता. टीव्ही चित्र सुधारण्यासाठी त्यावर आधी बरीच प्रक्रिया करतो आणि तेवढा वेळ मागे राहतो. सेटिंगमध्ये 'गेम मोड' सापडला, तो लावला, आणि दुसऱ्या दिवशी पोराने पन्नास काढले. पोर खरं बोलत होतं. नवं यंत्र घ्यायच्या आधी हे बटण शोधा.

नवऱ्यासाठी मात्र आमचं प्लेस्टेशन चांगलं निघालं. त्याला ऑफिसातून आल्यावर, जेवणं झाल्यावर, जेमतेम चाळीस मिनिटं मिळतात आणि गोष्ट असलेले खेळ आवडतात. गॉड ऑफ वॉर, स्पायडर-मॅन, द लास्ट ऑफ अस हे सोनीचे खेळ एक्सबॉक्सवर मिळत नाहीत. अशा खेळांची ओढ असेल तर तुलनेत वेळ घालवू नका, प्लेस्टेशन घ्या. झोपवून ठेवलेलं यंत्र जागं केलं की खेळ थांबवला तिथूनच सुरू होतो. चाळीस मिनिटांच्या माणसाला याचं मोल फार. वीज जाणाऱ्या गावात मात्र झोपवून ठेवू नये, खेळ सेव्ह करून पूर्ण बंद करावं. वीज अचानक गेली की पुढच्या वेळी 'यंत्र नीट बंद केलं नव्हतं' अशी सूचना येते, आणि न साठवलेली प्रगती गेलेली असते. यंत्र शोकेसच्या काचेआड कोंडूही नका, गरम हवेला बाहेर पडायला जागा लागते.

घरातल्या दोघांना मात्र प्लेस्टेशनचा काहीच उपयोग नव्हता: धाकटी, तेव्हा सात वर्षांची, आणि माझे सासरे, नाना. त्या रिमोटवर पंधराएक बटणं. नाना दोन मिनिटं हातात धरून परत द्यायचे.

२०२३ मध्ये माझे दीर सिंगापूरहून येताना निन्टेन्डो स्विच घेऊन आले. त्याच्या दोन बाजूंचे तुकडे सुटे होऊन दोन छोटे रिमोट होतात, म्हणजे पहिल्याच दिवशी दोघांना खेळता येतं. दिरांनी स्विच स्पोर्ट्समधलं बोलिंग लावलं. धाकटीने आजोबांच्या मनगटात पट्टी अडकवली, ओढून पाहिली, "आता सोडा नाना" म्हणाली. नानांनी हात मागे नेऊन पुढे झोकला आणि पडद्यावरच्या दहाच्या दहा बाटल्या आडव्या. वय वर्षं ७४. त्यांनी पट्टी काढलीच नाही, पुढचा तासभर तशीच मनगटावर. स्विच ताकदीला सगळ्यांत कमी. डॉकमध्ये ठेवून टीव्हीला जोडलं तर फार तर फुल एचडी, हातात धरून ७२०पी. पण एका पडद्यासमोर आजोबा आणि नात एकत्र बसणार असतील, तर दुसरं काही बघायची गरज नाही. मारिओ कार्ट ८ डिलक्समध्ये तर चौघं एका टीव्हीवर शर्यत लावतात.

त्याच्या अडचणीही सांगते. निन्टेन्डो भारतात अधिकृतपणे विकलं जात नाही. दुकानात दिसतं ते आयात केलेलं. इथे कंपनीची वॉरंटी नाही, भारतासाठी ऑनलाइन दुकानही नाही. खातं दुसऱ्या देशाचं करावं लागतं आणि पैसे भरायला त्या देशाचं गिफ्ट कार्ड. म्हणून खेळ कॅसेटमध्येच घ्यावेत. स्विचची कॅसेट जवळजवळ कुठल्याही देशातली असली तरी चालते, आणि ती पुन्हा विकता येते. छोट्या रिमोटची दांडी आपोआप सरकते ही तक्रार जगभरातून झालेली आहे. दुरुस्त करून देणारा माणूस आपल्या गावात आहे का, ते आधी विचारून ठेवा. २०२५ च्या जूनमध्ये स्विच २ आलं. जुन्या स्विचचे बहुतेक खेळ त्यावर चालतात, त्यामुळे जमवलेल्या कॅसेट वाया जात नाहीत.

पैशाची एक चूक राहिली. मी थोरल्याच्या खेळासाठी प्लेस्टेशनच्या वॉलेटमध्ये चार हजार रुपये भरून ठेवले होते. कार्डाला ओटीपी लागतो, पण वॉलेटमधल्या पैशाला लागत नाही. त्याने एका फुटबॉलच्या खेळात खेळाडूंची बंद पाकिटं घेतली. आत कोण निघेल ते आधी कळत नाही, म्हणून हवा तो निघेपर्यंत घेतच राहिला. दोन दिवसांत चार हजार संपले. बेल्जियमने २०१८ मध्येच अशी पाकिटं जुगारात मोजली. मी पोरावर ओरडले. तसं ओरडायला नको होतं, खातं मीच मोठ्या माणसाचं उघडून दिलं होतं. मुलाचं खातं वेगळं उघडायचं, खर्चाची मर्यादा शून्य ठेवायची, वयाची अट लावायची. प्लेस्टेशन, एक्सबॉक्स, स्विच, तिन्हींवर पालकांसाठी नियंत्रणाची सोय आहे. खोकं उघडल्यावर मुलाच्या हातात रिमोट देण्याआधी हे करा. नंतर करायला गेलं की मुलाला ती शिक्षा वाटते.

गेल्या आठवड्यात शेजारच्या वहिनी आल्या होत्या. मुलगा नववीत, वाढदिवस तोंडावर, "कुठलं घेऊ?" मी त्यांना विचारलं, तो कुणाबरोबर खेळतो? त्यांना माहीत नव्हतं. नेट किती वेगाचं? तेही नाही. मग आम्ही ठरवलं: या रविवारी आमचं प्लेस्टेशन आणि स्विच दोन्ही त्यांच्याकडे न्यायची, दोन रिमोट, एक केबल. वहिनींनी फक्त एवढंच पाहायचं की दिवसभरात मुलगा कशाला हात लावतो आणि कुणाला खेळायला बोलावतो. थोरला केबल गुंडाळून ठेवतोय. धाकटीने बजावलंय की स्विच संध्याकाळी पाचच्या आत परत हवं, नाना वाट बघतात.