कूलरसमोरची आलमारी

पोरी, काल तुझ्याकडे आले तेव्हा पाहिलं, तुझी आलमारी कूलरच्या बरोबर समोर आहे. आणि लग्नातली करवती साडी आत अजून प्लास्टिकच्या पिशवीत.

नागपूरच्या मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो. अशा कोरड्या उन्हात कपड्यांना ओल कुठली, असं मलाही वाटायचं. पण दिवसभर आपण कूलर चालवतो, म्हणजे ओल्या ताट्यांमधून आलेली दमट हवा खोलीत भरतो. खिडक्या बंद असल्या की ती कोंडते आणि आलमारीत शिरते. माझी करवती अशीच गेली. जूनमध्ये घडी उघडली तर कुबट वास, घडीच्या रेघेवर राखाडी ठिपके. जरा झटकली तर टसर रेशीम त्याच रेघेवर विरलं. मोहाडी-आंधळगावकडच्या विणकरांचे तीन धोटे फिरून या साडीचा करवतीच्या दातांसारखा सुती काठ होतो. काठ तेवढा धड राहिला. तो अजून जपून ठेवलाय मी.

म्हणून आलमारी झोतातून काढ. न्हाणीघराच्या भिंतीलाही नको. कुठेही ठेवलीस तरी भिंतीपासून चार बोटं पुढे. कूलर चालू असताना समोरची खिडकी किलकिली ठेव, खोलीही जास्त गार होते. साडी प्लास्टिकमधून काढून मांजरपाटात गुंडाळ, पण आधी त्याची खळ धुऊन काढ. खळीवर कसर येते. डांबरगोळ्या जरीला लागू देऊ नकोस. मी वेखंड आणि वाळलेल्या कडुनिंबाची पुरचुंडी कोपऱ्यात ठेवते. नेसून आलेली साडी रात्रभर वाऱ्यावर टाकल्याशिवाय आत ठेवायची नाही.

ओलावा मोजायचं छोटं यंत्र मिळतं, ते आत ठेव. आकडा 45 ते 55 मध्ये राहिला तर चांगलं, 65 च्या वर गेला की बुरशीची भीती. पावसाळ्यात रंग बदलणाऱ्या सिलिका जेलची पुडी ठेव. खड्यांचा रंग बदलला की स्वयंपाकात न लागणाऱ्या जुन्या कढईत मंद आचेवर तापवून पुन्हा वापर. झडीच्या दिवसांत आलमारी उगाच उघडू नकोस.

दसरा झाला, हवा कोरडी झाली, की साड्या सावलीत दोन तास पसर. उन्हात नाही, रंग उडतो. आणि घडी दरवेळी वेगळ्या रेघेवर घाल. टसर एकाच जागी मोडत राहिलं तर तिथेच फाटतं.

रविवारी येते. त्याआधी साड्या काढून पलंगावर ठेव, आलमारी आपण दोघी मिळून सरकवू.