आधी सांगा, कंबर दुखते की पाय?

ऑगस्ट उजाडला की पिंपळगाव बसवंतच्या बाजार समितीत टोमॅटोचे क्रेट उतरू लागतात आणि माझ्या ओपीडीत कमरेला पट्टा बांधलेली माणसे वाढतात. कुणाला उसण भरलेली असते, कुणी गादी सरकली म्हणतो, कुणी नस दबली. बहुतेकांच्या हातात एमआरआयची मोठी पिशवी असते आणि बसायच्या आत प्रश्न येतो, "डॉक्टर, ते दुर्बिणीचं बिनटाक्याचं ऑपरेशन करून घेऊ का?"

मी पिशवी टेबलावर ठेवतो आणि उलट विचारतो: जास्त काय दुखते, कंबर की पाय?

हा प्रश्न अनेकांना विचित्र वाटतो. पण ऑपरेशनचा पुढचा सगळा विचार याच उत्तरावर ठरतो, म्हणून आजचा सल्ला मी इथूनच सुरू करतो.

दोन मणक्यांमध्ये चकती असते. आपण तिला गादी म्हणतो. तिच्या बाहेरच्या कडेला चिवट वेढे असतात, आत मऊ गर असतो. वेढा फाटून गर मागे आला आणि पायाकडे जाणाऱ्या नसेवर बसला की कळ कुल्ल्यातून निघते, मांडीच्या मागून पोटरीत आणि पार तळव्यापर्यंत उतरते. पायाला मुंग्या येतात. खोकला किंवा शिंक आली की वीज चमकल्यासारखे होते. यालाच सायटिका म्हणतात. इथे ऑपरेशनला करण्यासारखे नेमके काम असते: नसेवर बसलेला तुकडा काढायचा. तो निघाला की पायातली कळ बहुतेकदा लवकर थांबते, काहींची त्याच दिवशी.

नुसती कंबर धरत असेल, सकाळी उठताना ताठत असेल, दिवसभर वाकून कांद्याची लागवड केल्यावर ठणकत असेल आणि कळ गुडघ्याखाली जात नसेल, तर गोष्ट वेगळी आहे. ते दुखणे स्नायूंचे, मणक्यांच्या सांध्यांचे, झिजलेल्या चकतीचे, कधी या सगळ्यांचे मिळून असते. त्यात काढून टाकण्यासारखा तुकडाच नसतो. छेद आठ मिलिमीटरचा असो की आठ सेंटिमीटरचा, जे काढायचेच नाही ते काढून कंबर थांबणार नाही. कर्ज काढून ऑपरेशन केलेले आणि सहा महिन्यांनी तीच कंबर धरून माझ्यासमोर बसलेले रुग्ण मी पाहिले आहेत. ऑपरेशन नीट झालेले होते. ते लागतच नव्हते.

मग एमआरआयमध्ये 'बल्ज' लिहिलेय त्याचे काय? २०१५ साली एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. कंबर अजिबात न दुखणाऱ्या ३,११० माणसांच्या तपासण्या त्यात एकत्र पाहिल्या होत्या. विशीतल्या ३० टक्के लोकांची चकती फुगलेली दिसली, पन्नाशीत ६० टक्क्यांची. चकतीची झीज तर पन्नाशीत ८० टक्के लोकांत होती आणि यातल्या कुणालाही दुखत नव्हते. डोक्याचे केस पिकतात तशी चकतीही पिकते. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत मीही रिपोर्टमधले शब्द मोठ्याने वाचून दाखवत असे आणि समोरच्याचा चेहरा उतरत असे. आता मी आधी पाय तपासतो.

ही तपासणी तुम्हालाही कळावी अशी आहे. रुग्णाला उताणा झोपवून मी त्याचा पाय गुडघ्यात न वाकवता हळूहळू उचलतो. नस दबली असेल तर थोडा वर जाताच पोटरीपर्यंत कळ उतरते आणि तो माझा हात धरतो. मग पायाचा अंगठा माझ्या बोटाच्या विरुद्ध वर ओढायला सांगतो. एका पायाचा अंगठा सहज दबला आणि दुसऱ्याचा घट्ट राहिला, तर नसेची ताकद कमी झालेली आहे. नंतर टाचांवर आणि मग चवड्यांवर चार पावले चालायला लावतो. या पाच मिनिटांत जे कळते ते एमआरआयच्या चित्राशी जुळले पाहिजे. चित्रात डावीकडची नस दबलेली आणि दुखतोय उजवा पाय, तर ऑपरेशनच्या गोष्टी थांबवा आणि दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्या.

चित्र आणि पाय जुळले तरी लगेच धावायचे नाही. चकतीचा बाहेर आलेला गर शरीर स्वतःच हळूहळू विरघळवते. नेदरलँड्समध्ये सहा ते बारा आठवडे तीव्र सायटिका असलेल्या २८३ रुग्णांचे दोन गट केले होते. एका गटाचे ऑपरेशन लवकर केले, दुसऱ्याला औषधे आणि व्यायाम देऊन थांबवले. लवकर ऑपरेशन झालेल्यांना आराम निश्चितच लवकर मिळाला. पण वर्षअखेर दोन्ही गटांत ९५ टक्के लोक बरे झाले होते. थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना पुढे ऑपरेशन करावे लागले, बाकीच्यांना लागले नाही. हा अभ्यास २००७ साली आला. म्हणून साधारण सहा आठवडे गोळ्या, चालणे आणि फिजिओथेरपिस्टकडून शिकून घेतलेले व्यायाम यांना द्यावेत. अंथरुणावर दोन दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नका. चोळून घेणे आणि मणका 'बसवून' घेणे तर या काळात नकोच. सहा आठवड्यांनंतरही पायातली कळ झोपू देत नसेल, कामाला जाता येत नसेल, तर ऑपरेशन हा चांगला पर्याय आहे आणि त्याला घाबरण्याचे कारण नाही. मणक्याला हात लावला की माणूस कायमचा अंथरुणाला खिळतो, ही भीती आपल्याकडे अजून खोल आहे. मूळचे गोव्याचे आणि मुंबईत कारकीर्द घडवलेले डॉ. प्रेमानंद रामाणी यांच्यासारख्या शल्यचिकित्सकांनी ती घालवायला आयुष्य वेचले आहे.

काही वेळा मात्र सहा आठवडे काय, सहा तासही थांबायचे नसते. कंबर किंवा पाय दुखत असताना लघवी अडली, लघवी-शौचावरचा ताबा गेला, सायकलच्या सीटवर टेकते ती जागा बधिर झाली, दोन्ही पायांतले बळ जाऊ लागले, तर रात्री दोन वाजता गाडी काढा आणि नाशिक गाठा. पाऊल अचानक लोळू लागले, चप्पल पायातून निसटू लागली तरी त्याच दिवशी दाखवा. आपल्या भागात "छाटणी होऊ द्या, मग बघू" असे म्हणायची सवय आहे. द्राक्षांची ऑक्टोबरची छाटणी चार दिवस पुढे गेली तर बाग सावरून घेता येते. मेलेली नस सावरता येत नाही. आणि कंबरदुखीसोबत संध्याकाळचा बारीक ताप, घटणारे वजन, रात्री झोपेतून उठवणारे दुखणे असेल तर मणक्याचा क्षयरोग आधी तपासावा लागतो. त्यावर क्षयाची औषधे लागतात, गादीचे ऑपरेशन नव्हे.

साठीपुढच्या माणसांत आणखी एक प्रकार दिसतो. शंभर-दोनशे पावले चालले की पोटऱ्या भरून येतात, खाली बसावे लागते, बसले की बरे वाटते. सायकल चालवताना किंवा हातगाड्यावर वाकून चालताना मात्र त्रास होत नाही. मणक्यातली नसांची नळी अरुंद झाल्याची ही खूण आहे. अशांना नळी मोकळी करणाऱ्या ऑपरेशनचा उपयोग होतो, आणि तेही आता छोट्या छेदातून करता येते.

आता पद्धतींकडे येऊ. चकतीचा तुकडा नस दाबतो आणि तो काढता येतो, हे १९३४ साली अमेरिकेत मिक्स्टर आणि बार यांनी दाखवून दिले. त्या काळी पाठ चांगलीच उघडावी लागे. सत्तरच्या दशकात सूक्ष्मदर्शक आला आणि छेद लहान झाला. नव्वदच्या दशकात स्नायू न कापता, ते बाजूला सारून जवळजवळ बोटाएवढी नळी घालायची पद्धत आली. आज एंडोस्कोप, म्हणजे आपण म्हणतो ती दुर्बीण, सात-आठ मिलिमीटरच्या छिद्रातून जाते. काही वेळा फक्त त्या जागेची भूल देतात. रुग्ण जागा असतो, बोलत असतो. नसेला धक्का लागला तर तो लगेच सांगतो, हाच त्यातला मोठा फायदा. रक्त कमी जाते, जखमेचे दुखणे कमी राहते, अनेक जण दुसऱ्या दिवशी घरी येतात.

पण वर्षभराने हिशोब काय राहतो? नळीतून केलेल्या ऑपरेशनची सूक्ष्मदर्शकाच्या नेहमीच्या ऑपरेशनशी तुलना ३२८ रुग्णांत झाली, २००९ साली. नळी सरस ठरली नाही. दुर्बिणीची तुलना ६१३ रुग्णांत झाली, तो निकाल २०२२ साली आला: पायाच्या दुखण्यात दुर्बीण नेहमीच्या ऑपरेशनपेक्षा कमी पडली नाही. याचा अर्थ मी असा घेतो की छेद लहान असणे चांगले, पण तुमचे सर्जन ज्या पद्धतीत रुळलेले आहेत ती पद्धत अधिक महत्त्वाची. महामार्गावरच्या फलकावर 'लेझर' लिहिलेले पाहून कुणी डॉक्टर निवडू नये.

सर्जनसमोर बसाल तेव्हा विचारायला लाजू नका. माझी कोणती नस दबली आहे, ती चित्रात बोटाने दाखवा. ऑपरेशनने पाय थांबेल की कंबरही? स्क्रू टाकणार असाल तर का? हे ऑपरेशन तुम्ही महिन्याला किती करता? तुकडा पुन्हा बाहेर येण्याची शक्यता किती? ती शंभरात पाच ते दहा जणांत असते. ती शून्य आहे असे कुणी सांगितले तर मला काळजी वाटेल. जाताना एमआरआयचा नुसता कागद नको, फिल्म किंवा सीडी न्या. खर्चाचे म्हणाल तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेत समाविष्ट असलेल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. आधी रेशनकार्ड घेऊन त्याला भेटा, तुमचे ऑपरेशन योजनेत बसते का ते विचारा, मगच सावकाराचा किंवा सोसायटीचा विचार करा.

तंबाखू आणि मिश्री सोडायला मी प्रत्येकाला सांगतो. चकतीला स्वतःची रक्तवाहिनी जवळजवळ नसते, आजूबाजूच्या हाडातून झिरपेल त्यावर ती जगते. तंबाखू तेही आटवते.

ऑपरेशननंतरची चूक मात्र छोट्या छेदामुळेच होते. आठवड्यात जखम दिसेनाशी होते आणि माणूस मळ्यात जातो. चामडी बरी झाली तरी चकतीचा फाटलेला वेढा भरायला आठवडे लागतात. जर्मनीतल्या उल्म शहरात एका स्वयंसेवकाच्या चकतीत दाब मोजणारे यंत्र बसवून १९९९ साली काही आकडे प्रसिद्ध झाले. त्यात उचलायला दिलेले वजन होते २० किलो, म्हणजे नेमका आपला टोमॅटोचा क्रेट. नुसते उभे असताना दाब ०.५ मेगापास्कल होता. कंबर गोल वाकवून तो भार उचलला तेव्हा २.३ झाला. गुडघ्यात वाकून उचलला तेव्हा १.७, आणि अंगाला घट्ट धरला तेव्हा १.१. साडेचारपट आणि दुप्पट यात जो फरक आहे, तो गुडघे वाकवण्यात आणि क्रेट पोटाशी घेण्यात आहे. ऑपरेशन झालेले असो वा नसो, पिकअपमध्ये क्रेट चढवताना दोघांनी धरा, कंबरेतून वळू नका, पाय वळवा.

आणि ऑपरेशन झाले असेल तर पहिले सहा आठवडे क्रेटला हातच लावू नका. रोज सकाळ-संध्याकाळ बांधावरून चाला, ट्रॅक्टरवर बसू नका. लिलावाला जायचे असेल तर जा, पण माल पोरांना उतरवू द्या आणि तुम्ही वजनाची पावती सांभाळा.